लहरींचा कानोसा : वसईच्या किनाऱ्यावर रेडिओ स्कॅनरची निवड आणि वापर

रेडिओ स्कॅनर म्हणजे अनेक वारंवारिता एकापाठोपाठ एक झपाट्याने तपासणारा आणि ज्या वारंवारितेवर कुणी बोलत असेल तिथे आपोआप थांबणारा ग्राही संच होय. घरातील रेडिओ एका वेळी एकच केंद्र लावतो आणि ते केंद्र सलग चालू असते, म्हणून त्याला शोधाशोध करावी लागत नाही. परंतु बंदरावरील, बोटीवरील किंवा हौशी रेडिओचालकाचे संभाषण दोन-चार सेकंदांचे असते, त्यानंतर ती वारंवारिता कितीतरी वेळ शांत राहते, आणि म्हणूनच अशा तुटक बोलण्याचा मागोवा घेण्यासाठी वेगळ्या जातीचे यंत्र लागते. हे यंत्र तीन रूपांत मिळते : हातात मावणारा संच, वाहनात किंवा बोटीत १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा ‘मोबाइल’ संच, आणि टेबलावर कायम ठेवण्याचा संच. या प्रकरणात प्रामुख्याने पहिल्या दोन रूपांचा विचार केला असून त्यासाठी पालघर जिल्ह्यातील वसई-विरारचा परिसर डोळ्यांसमोर ठेवला आहे, कारण समुद्र, खाडी, डोंगर आणि उंच इमारती यांची जी जवळीक रेडिओलहरींच्या वर्तनाचा अभ्यास करू पाहणाऱ्याला हवी असते ती येथे काही मैलांच्या आत आढळते.

या परिसराची ठेवण पाहता पश्चिमेला पाचूबंदर, किल्लाबंदर, राजोडी, अर्नाळा अशी किनाऱ्यावरील गावे आणि त्यापुढे मोकळा अरबी समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेची खाडी, आणि पूर्वेला मुंबई-अहमदाबाद महामार्गापलीकडे सुमारे साडेसहाशे मीटर उंचीचा तुंगारेश्वराचा डोंगर असे चित्र दिसते. रेडिओच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, पश्चिमेची बाजू सताड उघडी आहे आणि पूर्वेची जवळजवळ बंद आहे. स्कॅनरवर ऐकली जाणारी बहुतेक संभाषणे ३० ते ३०० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात, म्हणजे अतिउच्च वारंवारितेत होतात, ज्याला व्यवहारात सर्वत्र व्हीएचएफ म्हणतात. या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात, डोंगराला वळसा घालून फारशा पलीकडे उतरत नाहीत आणि पृथ्वीच्या गोलाईमुळे क्षितिजापलीकडे गेल्यावर झपाट्याने क्षीण होतात.

किती अंतरावरचे ऐकू येईल याचा अंदाज बांधण्यासाठी एक साधे सूत्र वापरले जाते. बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या अँटेनांची मीटरमधील उंची घ्यावी, दोन्हींची वर्गमुळे काढून त्यांची बेरीज करावी आणि तिला ४.१२ ने गुणावे. येणारा आकडा म्हणजे किलोमीटरमधील अंतर. बोटीवरील अँटेना पाण्यापासून ४ मीटर उंच असेल आणि ऐकणारा अर्नाळ्याच्या वाळूत उभा राहून हातातला संच दीड मीटर उंचीवर धरत असेल, तर हे अंतर जेमतेम १३ किलोमीटर भरते. तोच संच २५ मीटर उंचीच्या इमारतीच्या गच्चीवरील अँटेनाला जोडला की अंतर २९ किलोमीटरच्या जवळ जाते. संच तोच, बोट तीच, वाढली ती केवळ उंची. उलट १०,००० मीटर उंचीवरून जाणारे विमान याच सूत्राने चारशे किलोमीटरहून अधिक अंतरावरून रेडिओच्या टप्प्यात असते. म्हणूनच वसईसारख्या ठिकाणी आकाशातील वैमानिकाचा आवाज पोहोचू शकतो आणि त्याला उत्तर देणारा जमिनीवरील नियंत्रक मात्र, तो कितीतरी जवळ असूनही, अनेकदा पोहोचत नाही. स्कॅनरच्या क्षमतेविषयीचे बहुतेक गैरसमज या एका सूत्राने दूर होतात, आणि जाहिरातीत दिलेल्या ‘अमुक किलोमीटर पल्ल्या’चे दावे किती पोकळ असतात हेही त्यावरून कळते.

या नियमाला अरबी समुद्रावर एक मोठा अपवाद आहे. हिवाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत पाण्यालगतची हवा दमट व तुलनेने थंड आणि तिच्यावरची हवा कोरडी व उष्ण, अशी थरांची रचना कित्येकदा तयार होते आणि त्या दोन थरांच्या मध्ये लहरी अडकून एखाद्या नळीतून वाहाव्यात तशा क्षितिजापलीकडे दूरवर वाहत जातात. या घटनेला वातावरणीय नलिकाभवन किंवा इंग्रजी रूढीप्रमाणे डक्टिंग म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईजवळच्या २०० मेगाहर्ट्झच्या रडारवर शेकडो मैलांवरील अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी उमटले होते, आणि रडारशास्त्रात ते उदाहरण आजही दिले जाते. अशा संध्याकाळी कोकण किनाऱ्यावरच्या साध्या एफएम रेडिओवर आखाती देशांची केंद्रे लागतात. नवख्या श्रोत्याने या काळात ऐकू आलेल्या दूरच्या आवाजावरून आपल्या संचाची किंवा अँटेनाची योग्यता ठरवू नये, कारण ऋतू पालटला की तो पल्ला नाहीसा होतो.

संच कोणता घ्यावा या प्रश्नाआधी, तो घेता येतो का, हा प्रश्न येतो, आणि भारतात त्याचे उत्तर अमेरिकेतील पुस्तकांत दिलेल्या उत्तरापेक्षा फार वेगळे आहे. अमेरिकेत पोलिस आणि अग्निशमन दलाचे संभाषण घरबसल्या ऐकण्याची जुनी परंपरा असून बेअरकॅट, युनिडेन यांसारखी स्कॅनरची नावे त्या परंपरेतच घडली. भारतात १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमाच्या तिसऱ्या कलमाने बिनतारी यंत्र परवान्याविना जवळ बाळगण्यासच मनाई केली. ही मनाई प्रक्षेपकापुरती, म्हणजे लहरी सोडणाऱ्या यंत्रापुरती, मर्यादित नव्हती. केवळ ऐकणारा संचही तिच्या कक्षेत येत होता. प्रक्षेपक नसलेले यंत्र बाळगणाऱ्याला त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्यासाठी शंभर रुपयांपर्यंत दंड सांगितला होता, तर प्रक्षेपकासाठी कारावासाची तरतूद होती. घरगुती रेडिओसाठी पोस्टात पैसे भरून लायसन्स काढावे लागत असे, हे जुन्या पिढीच्या वाचकांना आठवत असेल. १९८० च्या दशकात प्रसारण ऐकण्याच्या संचांना त्यातून सूट मिळाली, परंतु ती सूट आकाशवाणीसारखे सर्वांसाठी असलेले प्रसारण ऐकण्यापुरती होती. पुढे २०२३ चा दूरसंचार अधिनियम आला आणि २०२४ च्या जूनपासून तो टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला. त्याच्या ४२ व्या कलमात संदेश बेकायदेशीरपणे मध्येच टिपण्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

याचा व्यावहारिक अर्थ सरळ आहे. पोलिस, रेल्वे, विमान वाहतूक नियंत्रण, संरक्षण दले, खासगी सुरक्षा कंपन्या यांची संभाषणे सामान्य श्रोत्यासाठी नाहीत आणि ती ऐकण्याच्या हेतूने संच घेणे हा गुन्ह्याचा मार्ग आहे. तांत्रिकदृष्ट्याही त्या वाटेने फारसे काही हाती लागत नाही, कारण जगभर सुरक्षा दले टेट्रा, पी-२५ यांसारख्या अंकीय प्रणालींकडे वळली आहेत. अंकीय प्रणालीत आवाजाचे आकड्यांत रूपांतर होते, ते आकडे कूटबद्ध केले की गुप्त किल्लीशिवाय त्यांतून शब्द परत मिळवता येत नाहीत, आणि महागड्या स्कॅनरवरही केवळ खरखर ऐकू येते. ऑनलाइन दुकानांत स्वस्त वॉकीटॉकी सहज मिळतात, म्हणून त्या वैध असल्याचा समज पसरला आहे. तो इतका घातक ठरला की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ च्या मे महिन्यात अशा विक्रीसंबंधी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली. परवान्याविना वापरता येणाऱ्या पट्ट्या मोजक्याच आहेत : ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरील अल्पशक्तीचे संच आणि २७ मेगाहर्ट्झच्या आसपासची नागरिक पट्टी ही त्यांतील परिचित उदाहरणे. त्यातही यंत्राला दूरसंचार विभागाची उपकरण-मान्यता असावी लागते.

मग वसई-विरारमध्ये स्कॅनर कुणाच्या कामाचा? सर्वांत आधी तो मच्छीमाराच्या कामाचा आहे, आणि त्याच्याकडे तो बहुधा वेगळ्या नावाने असतो. बोटीवर ज्याला ‘वायरलेस’ किंवा ‘वॉकी’ म्हटले जाते तो सागरी व्हीएचएफ संच स्वतःच एक स्कॅनर असतो. सागरी पट्टी १५६ ते १६२ मेगाहर्ट्झच्या दरम्यान आहे, तिचे क्रमांकित भाग म्हणजे चॅनेल जगभर सारखे ठरलेले आहेत आणि त्यांतील चॅनेल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, हे संकटसूचनेसाठी आणि प्रथम हाक मारण्यासाठी राखीव आहे. हाक दिल्यावर गप्पा दुसऱ्या चॅनेलवर न्यायच्या आणि १६ मोकळे सोडायचे, ही शिस्त आहे. संचातील ‘ड्युअल वॉच’ ही सोय याच शिस्तीसाठी आहे : तांडेल आपल्या सोबतच्या बोटींच्या चॅनेलवर बोलत-ऐकत असताना संच दर काही क्षणांनी १६ वर डोकावून येतो. त्याच संचात चॅनेल ७० वर चालणारी अंकीय हाक, म्हणजे डीएससी, असेल तर झाकणाखालचे लाल बटन दाबल्यावर बोटीचा नऊ आकडी ओळखक्रमांक आणि, संचाला जीपीएस जोडलेले असल्यास, तिचे स्थान आपोआप प्रक्षेपित होते. भारतीय जहाजांचे हे क्रमांक ४१९ ने सुरू होतात. हा क्रमांक भरून घेतल्याशिवाय लाल बटन निरुपयोगी असते, त्यामुळे संच बसवला त्याच दिवशी हे काम उरकावे.

सागरी संच निवडताना जलरोधकतेचे मानांकन पाहणे आवश्यक आहे. आयपीएक्स-७ याचा अर्थ यंत्र एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिले तरी आत पाणी शिरत नाही. हातातील संचाची शक्ती साधारण ५ वॅट आणि बोटीत बसवलेल्या संचाची २५ वॅट असते. परंतु आधीच्या सूत्रावरून लक्षात येईल की, समुद्रावर पाचपट शक्तीपेक्षा डोलकाठीच्या टोकावर चढवलेली अँटेना अधिक उपयोगी ठरते. दोन बोटींच्या अँटेना प्रत्येकी ४ मीटर उंच असतील तर त्यांच्यातील संपर्क साडेसोळा किलोमीटरच्या आसपास संपतो, मग शक्ती कितीही असो.

मासेमारीसाठी दूर गेलेल्या बोटीचे संकट नेमके येथे सुरू होते, कारण तिथून ना मोबाइल लागतो ना किनाऱ्याचा व्हीएचएफ. या उणिवेवरचा उपाय उपग्रहाच्या वाटेने आला असून त्याचा संबंध थेट या जिल्ह्याशी आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथील ज्या कार्यक्रमात वाढवण बंदराची पायाभरणी झाली, त्याच कार्यक्रमात मासेमारी नौकांसाठीच्या संदेशवहन व साहाय्य प्रणालीचा देशव्यापी प्रारंभ झाला. किनारी राज्यांमधील एक लाख यांत्रिक व मोटारचलित नौकांवर टप्प्याटप्प्याने ट्रान्सपाँडर बसवण्याची ही योजना असून हे यंत्र इस्रोने विकसित केलेले आहे. त्यातून बोट आणि किनारा यांच्यात उपग्रहामार्फत दुतर्फा लघुसंदेश जाऊ शकतात. तथापि ट्रान्सपाँडर आला म्हणून व्हीएचएफ संच काढून ठेवणे मोठी चूक ठरेल, कारण बुडणाऱ्या बोटीजवळ सर्वांत आधी पोहोचणारी बोट बहुधा शेजारच्याच नाखव्याची असते आणि तिच्या कानावर हाक जाते ती चॅनेल १६ वरूनच.

मोठ्या जहाजांची चाहूल घेण्यासाठी आणखी एक सागरी प्रणाली महत्त्वाची आहे. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० टनांवरील जहाजांवर एआयएस, म्हणजे स्वयंचलित ओळख प्रणाली, सक्तीची आहे. जहाज आपले नाव, स्थान, वेग आणि दिशा १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर चालू प्रवासात दर २ ते १० सेकंदांनी सांगत राहते. गुजरातहून मुंबई आणि उरणच्या बंदरांकडे जाणारी जहाजे या किनाऱ्यासमोरून जातात, रात्री जाळे टाकून थांबलेल्या लाकडी बोटीला त्यांचा धोका मोठा असतो, आणि वाढवण बंदर सुरू झाल्यावर ही वर्दळ वाढणार हे उघड आहे. एआयएस दाखवणारा पडदा बोटीवर असणे ही त्यामुळे चैन राहिलेली नाही. मच्छीमार सहकारी संस्थांनी डिझेल आणि बर्फाइतक्याच तळमळीने या यंत्राचा पाठपुरावा करायला हवा.

दुसरा वैध श्रोता म्हणजे हौशी रेडिओचालक, ज्याला ‘हॅम’ म्हणतात. भारतात १२ वर्षांवरील कोणाही नागरिकाला दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेची परीक्षा देऊन हा परवाना मिळवता येतो. परीक्षेत रेडिओचे प्राथमिक तंत्र आणि नियम यांवर प्रश्न असतात. मर्यादित श्रेणीच्या परवान्याला मोर्स संकेताची अट नाही, सर्वसाधारण श्रेणीला ती आहे. वसईकरांना दिल्लीला खेटे घालावे लागत नाहीत, कारण बिनतारी संनियंत्रण केंद्र बोरिवलीत गोराई रस्त्यावर आहे आणि अर्ज सरल संचार या शासकीय संकेतस्थळावरून करता येतो. परवाना हाती आल्यावर १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ या पट्ट्या ऐकण्या-बोलण्यासाठी खुल्या होतात आणि त्या पट्ट्यांचा संच वैधपणे बाळगता येतो. स्कॅनरची खरी हौस असलेल्या माणसाने आधी हा परवाना काढावा, हे या प्रकरणाचे ठाम मत आहे, कारण त्यामुळे कायद्याचा धाक नाहीसा होतो आणि यंत्र समजून वापरण्याची शिस्तही लागते.

या पट्ट्यांत ऐकण्यासारखे पुष्कळ आहे. इस्रोने ५ मे २००५ रोजी पीएसएलव्ही सी-६ या यानातून हॅमसॅट हा खास हौशी रेडिओसाठीचा उपग्रह सोडला आणि तो २०१४ पर्यंत चालला. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून १४५.८०० मेगाहर्ट्झवर अधूनमधून अंतराळवीरांचे आवाज आणि चित्रसंकेत येतात. २०२५ च्या जुलैत भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनी स्थानकावरून हॅम रेडिओद्वारे भारतीय विद्यार्थ्यांशी संवाद साधला होता. स्थानक डोक्यावरून जाण्यास जेमतेम दहा मिनिटे लागतात आणि त्याच्या प्रचंड वेगामुळे वारंवारिता किंचित सरकते : येताना ती साडेतीन किलोहर्ट्झपर्यंत वर आणि जाताना तेवढीच खाली. आगगाडीची शिट्टी जवळ येताना चढी आणि दूर जाताना उतरती ऐकू येते, त्याच डॉप्लर परिणामाचे हे रेडिओरूप आहे. संचात ५ किलोहर्ट्झ किंवा त्याहून लहान पायरीने वारंवारिता बदलता आली तर हा सरकणारा आवाज हातातून निसटत नाही.

येथे निवडीच्या तांत्रिक बाबींकडे वळता येईल. स्कॅनरची पायरी, म्हणजे ‘स्टेप’, ही दोन तपासण्यांमधील वारंवारितेचे अंतर असते. सागरी पट्टीत ती २५ किलोहर्ट्झ, हौशी पट्टीत १२.५ किंवा त्याहून लहान लागते, आणि ती चुकीची ठेवली की संच बोलणाऱ्याच्या शेजारून निघून जातो. दुसरी बाब म्हणजे आवाज लहरीवर चढवण्याची पद्धत. सागरी व हौशी व्हीएचएफ संभाषण एफएम पद्धतीने, तर विमानांचे एएम पद्धतीने होते; एफएममध्ये दोघे एकाच वेळी बोलले की बलवान आवाज दुबळ्याला पुरता झाकून टाकतो, एएममध्ये दोन्ही मिसळून शिट्टीसारखा आवाज येतो आणि दुसराही कुणी बोलत असल्याचे निदान कळते, म्हणून विमानसेवेने जुनी पद्धत सोडलेली नाही. संवेदनशीलतेचा आकडा मायक्रोव्होल्टमध्ये दिलेला असतो आणि तो जितका लहान तितका संच तीक्ष्ण समजला जातो. पण मुंबई महानगराच्या सान्निध्यात अतितीक्ष्ण संच कित्येकदा त्रासदायक ठरतो, कारण ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवरील एफएम केंद्रांचा बलाढ्य मारा त्याच्या पहिल्याच टप्प्याला गुदमरवतो आणि जिथे केंद्रच नाही अशा वारंवारितांवरही गाणी ऐकू येऊ लागतात. एफएम पट्टी अडवणारी लहानशी गाळणी अँटेना आणि संच यांच्यामध्ये जोडली की हा उपद्रव बहुतांशी थांबतो. स्वस्त हातसंचांत हा दोष सर्वाधिक आढळतो.

वेगाविषयी विक्रेते फार बोलतात, म्हणून त्याचा हिशेब करून पाहणे बरे. सेकंदाला ५० चॅनेल तपासणाऱ्या संचात २०० चॅनेल भरले तर एक फेरी पुरी व्हायला ४ सेकंद लागतात आणि त्यात ३ सेकंदांची हाक सहज निसटते. तेच चॅनेल २० वर आणले की फेरी अर्ध्या सेकंदाच्या आत येते. थोडक्यात, जलद संच विकत घेण्यापेक्षा यादी आखूड ठेवणे स्वस्त आणि खात्रीचे असते. अनुभवी वापरकर्ते चॅनेलचे गट पाडतात, एखादा गट गरजेप्रमाणे बंद करतात, सतत खरखरणारा चॅनेल ‘लॉकआउट’ करून यादीतून वगळतात आणि सर्वांत महत्त्वाच्या चॅनेलला प्राधान्य देऊन ठेवतात. ‘स्क्वेल्च’ हे बटन म्हणजे आवाजाचा उंबरठा आहे : लहर या उंबरठ्याहून दुबळी असेल तर संच गप्प राहतो. खरखर थांबेपर्यंत बटन फिरवून तिथेच सोडावे. त्यापुढे नेल्यास खरखरीबरोबर दूरच्या बोटीचा क्षीण आवाजही बंद होतो आणि श्रोता शांततेलाच सुरक्षितता समजून बसतो.

अँटेनाविषयी विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण यशापयशाचा बहुतेक भाग तिच्यातच असतो. लहरीची लांबी मीटरमध्ये काढण्यासाठी ३०० ला मेगाहर्ट्झने भागावे. चॅनेल १६ साठी ती १.९१ मीटर येते आणि तिचा चौथा हिस्सा, म्हणजे जवळपास ४८ सेंटिमीटर, ही साध्या उभ्या अँटेनाची योग्य लांबी असते. संचासोबत येणारी रबरी आखूड अँटेना सोयीची असली तरी क्षीण असते. अँटेनापासून संचापर्यंत जाणाऱ्या समाक्ष केबलमध्येही लहर झिजते : आरजी-५८ जातीच्या पातळ केबलच्या १५ मीटर लांबीत १५० मेगाहर्ट्झला आलेल्या शक्तीपैकी सुमारे निम्मी वाया जाते, म्हणून गच्चीवरून घरात केबल आणायची असेल तर जाड, कमी झिजेची केबल घ्यावी आणि ती गरजेपुरतीच लांब ठेवावी.

वसईच्या किनाऱ्यावर या केबलचा खरा शत्रू म्हणजे खारी हवा. अँटेनाखालचा जोड उघडा राहिला की पहिल्याच पावसाळ्यात पाणी आत शिरते, केबलच्या जाळीदार तांब्यावर आधी काळपट आणि मग हिरवट थर चढतो, आणि बाहेरून धडधाकट दिसणारी केबल आतून बहिरी होते. केबलचे टोक सोलून तांबे लखलखीत दिसते का, हे पाहणे ही सर्वांत सोपी तपासणी आहे. काळवंडलेला भाग कापून टाकावा, आणि काळेपणा वीतभर आत गेला असेल तर केबल बदलावी. जोडावर ताणून गुंडाळल्यावर एकजीव होणारी रबरी पट्टी खालून वर अशी गुंडाळावी, म्हणजे पाणी पदराखाली न शिरता वरून ओघळून जाते. गच्चीवरील उंच धातूच्या दांड्याला विजेपासून संरक्षण म्हणून भूसंपर्क दिलेला असावा आणि मेघगर्जना सुरू होण्याआधी केबल संचापासून काढून ठेवावी. उंच इमारतीत हे करण्यापूर्वी गृहनिर्माण संस्थेची परवानगी लागते, हेही लक्षात घ्यावे.

वाहनातील संचासाठी छताच्या मधोमध चुंबकी बैठकीची अँटेना ठेवणे उत्तम, कारण पत्र्याचे छप्परच तिचा अर्धा भाग बनते. वीजपुरवठ्याची तार थेट बॅटरीपासून, बॅटरीजवळच फ्यूज घालून घ्यावी. सिगारेट लायटरच्या खाचेतून घेतल्यास इंजिनच्या वेगाबरोबर चढत जाणारी किणकिण संचात शिरते. गाडी चालवताना बटनांशी खेळणे अपघाताला निमंत्रण देते, म्हणून यादी घरूनच भरून निघावे. महामार्गाने विरार फाट्याकडे जाताना तुंगारेश्वराच्या बाजूचे आवाज का तुटतात आणि खाडीपुलावर ते अचानक का खुलतात, हे ज्याने नकाशा पाहिला आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

गेल्या दशकभराहून अधिक काळात सॉफ्टवेअर-रेडिओ या नव्या वाटेने शिकणे स्वस्त केले आहे. टीव्ही पाहण्यासाठी बनवलेल्या, आरटीएल-२८३२-यू ही चिप असलेल्या पेनड्राइव्हएवढ्या यंत्रातून कच्च्या लहरींचे आकडे थेट संगणकात घेता येतात, हे २०१२ च्या सुमारास हौशी मंडळींच्या लक्षात आले आणि काही हजार रुपयांत साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झचा ग्राही संच तयार झाला. ओटीजी केबलने तो मोबाइल फोनलाही जोडता येतो. पडद्यावर दोन-अडीच मेगाहर्ट्झचा संपूर्ण पट्टा एकदम दिसतो, त्यामुळे एकेक चॅनेल तपासत बसावे लागत नाही. परंतु अनोळखी आवाज ओळखण्याची सवय येथेही कानालाच लावावी लागते. कायद्याचे बंधन या यंत्रालाही लागू आहे, त्याचा आकार लहान असल्याने ते सैल होत नाही. ज्याला परवान्याआधी केवळ चव घ्यायची आहे त्याने नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठासारख्या संस्थांनी इंटरनेटवर खुले ठेवलेले संच वापरून लघुलहरी ऐकाव्यात. उपग्रहांची हवामानचित्रे उतरवण्याविषयी जुन्या पुस्तकांत अमेरिकेच्या नोआ उपग्रहांची शिफारस आढळते. ते उपग्रह २०२५ च्या जून ते ऑगस्टदरम्यान बंद करण्यात आले, आता १३७ मेगाहर्ट्झवर रशियाचे मेटिओर उपग्रह अंकीय चित्रे पाठवतात.

तिसरा श्रोता म्हणजे साधे कुटुंब, आणि त्याला स्कॅनरची गरज नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा वीज गेली, फोन ठप्प झाले; २०१८ च्या जुलैत नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली जाऊन गाड्या जागीच अडकल्या. अशा दिवशी घरात हवा तो सेलवर चालणारा, मध्यमलहरी आणि एफएम दोन्ही घेणारा ट्रान्झिस्टर. त्याला परवाना लागत नाही, तो सेलच्या एका जोडीवर कितीतरी दिवस चालतो आणि हवामानाची सूचना अधिकृत मुखातून ऐकवतो. सेल मात्र संचाबाहेर काढून ठेवावेत, नाहीतर ते आतच फुटून पाझरतात आणि गरजेच्या वेळी संच मुका निघतो.

परवानाधारक सागरी संचावर संकटाची हाक ऐकू आल्यास काय करावे, हे किनाऱ्यावरील प्रत्येक संस्थेच्या कार्यालयात भिंतीवर लिहिलेले असावे. ‘मेडे’ हा शब्द तीन वेळा उच्चारला गेला की जीव धोक्यात आहे असे समजावे. ‘पॅन पॅन’ ही त्याखालच्या तातडीची खूण आहे. वेळ, बोटीचे नाव, अक्षांश-रेखांश आणि माणसांची संख्या ताबडतोब कागदावर उतरवावी, मध्येच बोलून चॅनेल अडवू नये, आणि तटरक्षक दलाचे किंवा जवळच्या बोटीचे उत्तर येते का ते ऐकावे. उत्तर आले नाही तर स्वतः हाकेला प्रतिसाद द्यावा आणि त्याच वेळी दुसऱ्या माणसाने लिहून घेतलेला मजकूर तटरक्षक दलाच्या १५५४ या निःशुल्क क्रमांकावर कळवावा.